दिवाळीतले डावे खांदे

दिवाळी जवळ आली की बायकांचं लक्ष चकलीचा काटा नीट पडतोय का याकडे असतं. माझं समोरच्या माणसाच्या खांद्यांकडे असतं. दोन्ही सारखे गोल आहेत ना, की डावा जरा चौकोनी दिसतोय? सवय आहे ती, जाता जात नाही. परवा बँकेत रांगेतल्या एका गृहस्थांकडे मी इतका वेळ बघत राहिले की शेवटी त्यांनी विचारलं, काकू, आपली ओळख आहे का? मी म्हटलं, तुमच्याशी नाही, तुमच्या डाव्या खांद्याशी असावी असं वाटतंय. बिचारे आपला नंबर सोडून दुसऱ्या खिडकीवर गेले.

मी प्लास्टरवाली. डहाणूत राहते, आणि कासा ते तलासरी या पट्ट्यात हायवेलगत असलेल्या एका खासगी हाडांच्या दवाखान्यात मी जन्म काढला. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण मालकांना नाव छापून आलेलं आवडतं आणि मला त्यांचा तो आनंद बघवत नाही. गेले होते नर्स म्हणून. तिथला प्लास्टर घालणारा माणूस एक दिवस वापीला जास्त चांगली नोकरी मिळाली म्हणून निघून गेला आणि मालक मला म्हणाले, बाई, तात्पुरतं तुम्ही सांभाळा. ते तात्पुरतं माझ्या निवृत्तीपर्यंत चाललं. आमचे हे रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते. ते म्हणायचे, आपल्या घरात दोघांचंही काम एकच, लोकांना हलू न देणं.

ज्यांचं कधी काही मोडलं नाही अशा सुदैवी वाचकांसाठी सांगते. प्लास्टरची पट्टी पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की काढून हलकी पिळायची. हातापायावर आधी कापूस गुंडाळायचा आणि मग त्यावर पट्टी. ओढून नाही, नुसती लोळवत न्यायची. हे सगळं तळहातानं. बोटानं दाबलंत की खळगा पडतो आणि तो खळगा पुढे आत टोचत बसतो. घालताना ते गरम होतं, तेव्हा मोठमोठे बाप्ये दचकतात. मी त्यांना सांगायची, घाबरू नका, शिजत नाही आहात. खांदा निखळला असेल तर प्लास्टर लागत नाही. तिथे डॉक्टर हात धरून हळूहळू ओढतात, आणि मी रुग्णाच्या काखेतून चादर घालून त्याला उलट्या बाजूला ओढून धरते. नीट जमलं की आतून खट् असा आवाज येतो आणि माणसाच्या चेहऱ्यावरचा सगळा राग एका क्षणात उतरतो. तो चेहरा बघायला मिळायचा म्हणून मी इतकी वर्षं टिकले. मग हात छातीशी बांधून टाकायचा आणि तीन आठवडे दम द्यायचा.

दम द्यायचं काम माझं. कारण प्लास्टर घातलेला माणूस कधीच ऐकत नाही. खाज सुटते म्हणून आत काहीतरी खुपसतो आणि ते आत राहतं. मी प्लास्टरं कापताना आतून काडेपेटीच्या काड्या, रिफिल, दातांचा ब्रश आणि एका शाळामास्तरांच्या पायातून त्यांचीच पट्टी काढलेली आहे. मास्तर म्हणाले, ती चोरली म्हणून मी वर्गात एका मुलावर ओरडलो होतो. सायवनकडच्या एका बाईनं पाय लांब करून अंगणात झोप काढली, तर तिच्या शेळीनं घोट्यापर्यंतचं प्लास्टर चाटून चाटून मऊ केलं. ती बाई शेळीला घेऊनच आली होती. पुरावा म्हणून.

आणि ते तिकीट खिडकीवरचे क्लार्क. दुपारच्या वेळी त्यांनी अशी जांभई दिली की जबडा उघडा तो उघडाच राहिला. खालचा जबडा सांध्यातून सुटला होता. रांगेतल्या लोकांना वाटलं, साहेब ओरडतायत. लोक उलट ओरडायला लागले. आमच्याकडे आणलं तेव्हा ते खुणेनं काहीतरी कळवळून सांगत होते आणि आम्हाला ते काही केल्या कळेना. डॉक्टरांनी अंगठ्यांना पट्टी गुंडाळली, दाढांवर ठेवून खाली आणि मागे दाबलं, जबडा बसला. साहेबांनी दोनदा तोंड मिटून उघडून बघितलं आणि पहिलं वाक्य बोलले, 'खिडकी बंद केली का कुणी?'

तर असे दिवस मजेत चालले असताना डॉक्टर सामंत आले. तरुण, सडपातळ, लग्न न झालेले आणि डोक्यात एकच खूळ. बाकीचे डॉक्टर विचारतात, कुठे दुखतं? हे विचारायचे, कसे पडलात? आणि नुसतं सांगून भागायचं नाही, करून दाखवावं लागायचं. कोणता पाय पुढे होता, हातात काय होतं, पडताना कोणाकडे बघत होतात. म्हातारी माणसं मोडका हात सांभाळत आमच्या ओपीडीत पडण्याचा अभिनय करायची, डॉक्टर स्वतः शेजारी जमिनीवर आडवे होऊन म्हणायचे, असे का? आणि बाहेर बसलेले नातेवाईक दारातून दुरुस्त्या सुचवायचे. मी कपाळाला हात लावून पट्ट्या भिजवत बसायची. त्यांचं म्हणणं, माणूस उगाच पडत नाही. एका गावातली माणसं एकाच तऱ्हेनं पडतात. ती तऱ्हा सापडली की पडणं थांबवता येतं. त्यांना यावर संशोधन करून ते कुठेतरी छापायचं होतं. मला हे वेडेपणाचं वाटायचं, पण त्यांचा हात हलका होता आणि रुग्णाशी ते कधी खेकसून बोलले नाहीत, म्हणून मी सहन केलं.

सहन म्हणजे किती? चिकूच्या झाडावरून माणूस पडतो तेव्हा तो कुठल्या अंगावर पडतो हे त्यांना बघायचं होतं. मला म्हणाले, एक माणूस शिवून द्याल का? मी गोणपाटात भाताचा तूस भरून बऱ्यापैकी धड केलं, हातपाय जोडले आणि उघडा कसा पाठवायचा म्हणून आमच्या ह्यांचा एक जुना शर्ट चढवला. डहाणूच्या एका ओळखीच्या शेठच्या वाडीत डॉक्टरांनी तो फांदीवर बसवला आणि फांदी हलवून पाडला. पुन्हा बसवला, पुन्हा पाडला. शेजारच्या वाडीतल्या बायांनी लांबून फक्त पडणं बघितलं. त्या ओरडत निघाल्या, मागून चार माणसं खाट घेऊन धावली, आणि जवळ येऊन बघतात तर डॉक्टर त्या पडलेल्या माणसाचा पाय धरून त्याला फरफटत परत झाडाकडे नेतायत. शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, बेन, हे सगळं दवाखान्यातच करा ना. पण खरी गंमत संध्याकाळी झाली. लांबूनच परत फिरलेल्या कुणीतरी शर्ट ओळखला होता. दोन शेजारणी पांढऱ्या साड्या नेसून, तोंडाला पदर लावून आमच्या घरी भेटायला आल्या. दार ह्यांनीच उघडलं.

आता खांद्यांकडे येते.

सामंत आले त्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे निखळलेले खांदे यायला लागले. खांदे एरवीही येतात, पण हे सगळे तरुण, सगळे तलासरीच्या पलीकडच्या तीन-चार पाड्यांवरून, आणि सगळे डावे. मी आधीही बघितले असणार, पण मी काखेत चादर घालणारी, मला डावं-उजवं ओढण्यापुरतं. सामंतांच्या मात्र लगेच नजरेत भरलं. त्यांनी प्रत्येकाला विचारलं, कसा पडलास? एक म्हणाला बाईकवरून. दुसरा म्हणाला ओट्यावरून. तिसरा म्हणाला बैलानं हाणलं. आणखी एकालाही बैलानंच हाणलं होतं. करून दाखवा म्हटलं तर सगळे लाजायचे. इतर वेळी लोक पडण्याचं वर्णन रंगवून सांगतात, आणि हे तगडे गडी माना खाली घालून बसायचे.

सामंतांची झोप उडाली. आधी त्यांना वाटलं, बाईकचा स्टँड डावीकडे असतो, तिथे काहीतरी आहे. मग त्यांनी वडापच्या जीपवर संशय घेतला. लोक मागे लोंबकळतात, डावा हात वरच्या दांडीला असतो, जीप वळली की हिसका बसतो. सुट्टीच्या दिवशी हे गृहस्थ चारोटी नाक्यावर उभे राहून जीपला लटकलेल्यांचे हात बघायचे. एका जीपवाल्यानं त्यांना आरटीओचा माणूस समजून चहा पाजला. निष्कर्ष असा की लोक दोन्ही हातांनी लटकतात. बैलांबद्दल त्यांनी काय चौकशी केली ते मी विचारलं नाही.

त्याच खेपेला आलेला एक मुलगा म्हणजे विलास. नुकतं लग्न झालेला, शिडशिडीत आणि लाकडासारखा टणक. काम ताडी काढायचं. आमच्याकडे ताडावर चढणारी माणसं आहेत, ती रोज सकाळ-संध्याकाळ चढतात. दोरीचा फास आणि दोन हात, बाकी वर काही नसतं. त्याचा खांदा बसवताना त्यानं तोंडातून हूं का चूं काढलं नाही. बाईकवरून पडलो म्हणाला. मी त्याला बाईक हळू चालवण्यावर भरपूर ऐकवलं. तो बरं बरं म्हणत गेला.

पुढच्या दिवाळीत तो पुन्हा आला. तोच खांदा. यावेळी बरोबर त्याची बायको मंजू होती. सामंतांनी खांदा बसवला, मी हात बांधायला घेतला आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. बाईक विकून टाक, बायकोचा विचार कर, वगैरे. मंजू भिंतीला टेकून ऐकत होती. मग म्हणाली, 'बाय, त्याला कशाला बोलतेस? त्याच्याकडे बाईकच नाय. माझ्या बापाच्या अंगणात गेला हा हात.'

विलासनं तिच्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता हा पट्टी सोडून पळतो. पण ती बोलायला लागली होती. सामंत स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

गोष्ट अशी होती. भात कापून झालं की तिच्या पाड्यावर तारपा वाजतो. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी, तारपा म्हणजे वाळवलेल्या भोपळ्याचं आणि बांबूचं लांबलचक वाद्य. वाजवणारा मध्ये, आणि त्याच्याभोवती हात गुंफून एक लांब रांग फिरते. तारपा जसा वाजेल तशी रांग हळू किंवा जोरात जाते, आत वळते, बाहेर उलगडते. पुढच्याला दोन पावलं टाकावी लागतात तेव्हा सगळ्यात शेवटच्याला धावत सुटावं लागतं. त्या शेवटाला म्हणतात शेपूट. आणि मंजूच्या पाड्यावर, आजूबाजूच्या दोन-तीन पाड्यांवरही, अशी पद्धत होती की नव्या जावयानं पहिल्या तीन दिवाळ्या शेपटीला नाचायचं. शेवटी तारपा जोर धरतो, पुढचा मुद्दाम गर्रकन वळतो आणि शेपटीचा जावई हवेत जातो. त्यानं हात सोडला तर वर्षभर त्याची टर उडते. नाही सोडला तर तो आपला. तिकडे फेर डावीकडे फिरतो, म्हणजे शेपटीवाल्याचा डावा हात पुढच्याच्या हातात. न सोडणाऱ्यांचे डावे खांदे आमच्याकडे येत होते, आणि सासरवाडीत खांदा निघाला हे सांगायची लाज म्हणून बैलांना बदनाम करत होते.

सामंतांनी आनंदानं टाळीच वाजवली. मग विलासचा एक्स-रे पुन्हा हातात घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. विलासला त्यांनी सरळ सांगितलं, की एकदा निघालेला खांदा सैल होतो, दोनदा निघालेला जास्त सैल. तिसऱ्यांदा निघाला तर पुढे तो नुसता हात वर ताणला तरी निघेल. 'आणि तू हात वर ताणतोस कुठे, तर ताडाच्या टोकाला,' ते म्हणाले. ऑपरेशन मुंबईला होऊ शकतं, पण त्यानंतर बरेच महिने चढायचं नाही, हेही सांगितलं. मंजूनं फक्त विचारलं, यंदाचं झालं, अजून एकच दिवाळी ना? तिला वाटलं होतं एकच राहिलीय म्हणजे बरं. डॉक्टरांना वाटत होतं, एकच पुरेशी आहे.

वर्षभर विलास व्यायामाला येत राहिला. मी रबरी पट्टा धरून त्याच्याकडून खांद्याचे व्यायाम करून घ्यायची आणि दर वेळी विचारायची, यंदा नाही नाचणार ना? तो हसायचा. दिवाळी दोन दिवसांवर आली तेव्हा तो आला आणि म्हणाला, पलास्तरबाय, शर्टाच्या आतून दिसणार नाही असा खांदा बांधून दे. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, तिसऱ्यांदा हात निघाला तर वर ताडावर मी चादर घेऊन येऊ का? तो म्हणाला, दोन वर्षं नाचलो, तिसऱ्या वर्षी नाय म्हटलं तर ती दोन वर्षं पण पाण्यात गेली. सासरा काय म्हणेल?

सासऱ्यालाच विचारू, असं सामंतांनी ठरवलं. मला म्हणाले, बाई, तुम्ही चला, मी बोललो की लोक नुसते हो म्हणतात. मी म्हटलं, मी बोलले की पळून जातात, पण चला.

आम्ही दिवाळीच्या दिवशी दुपार कलता कलता पाड्यावर पोचलो. मंजूचा बाप रावजी दारात खाट टाकून आमची वाटच बघत होता. उंच, वाळका, आणि चेहऱ्यावर कायम जरा मजेचा भाव असलेला माणूस. पाणी झालं, चहा झाला. सामंतांनी खिशातून सुतळी काढली, तिच्या टोकाला चिकू बांधला आणि डोक्यावर गरगरा फिरवायला लागले. बघा, म्हणाले, हा माझा हात म्हणजे पुढचा माणूस, आणि हा चिकू म्हणजे शेपूट. हात एवढासा हलतो आणि चिकू किती पळतो. सगळा हिसका कुणाला, तर चिकूला. पाडा जमला होता. रावजीनं शांतपणे सगळं ऐकलं. मग मान डोलावून म्हणाला, 'बरोबर हाय डॉक्टर. म्हणून तं जावयाला लावतात.'

सगळे खो खो हसले. मीही हसले, काय करणार? सामंत एकटेच चिकू फिरवत उभे होते. तेवढ्यात तारपा लावायला सुरुवात झाली आणि रावजी उठला. त्यानं डोक्याला फडकं बांधायला घेतलं. उजवा हात वर गेला. डावा खांद्यापर्यंत आला आणि थांबला, आणि रावजीनं डोकंच वाकवून डाव्या हातापाशी नेलं. इतक्या सहज, की घरातल्या कुणाचं लक्षही गेलं नाही.

सामंतांचा चिकू हवेतच थांबला आणि त्यांच्याच कानावर आपटला. ते म्हणाले, दादा, डावा हात पूर्ण वर करा बघू. रावजी म्हणाला, होत नाय तेवढा, जुनं हाय, बैलानं हाणला होता.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, 'रावजीदादा, बैल का तारपा?'

रावजी परत फडकं बांधायला लागला. ओट्याच्या कडेला त्याची बायको भांडी विसळत होती. ती हात न थांबवता म्हणाली, सांग ना आता, डॉक्टर एवढा लांबून आलाय. तेव्हा तो खाटेवर परत बसला आणि त्यानं सांगितलं. तिच्याच माहेरी, पहिल्याच दिवाळीत हात गेला होता. आवाज आला तो त्याला स्वतःला ऐकू आला, पण त्यानं हात सोडला नाही, तारपा थांबेपर्यंत तसाच नाचला. घरी कुणीतरी तेल लावून चोळलं. दवाखाना तेव्हा कुठे होता? हात कधी जागेवर बसलाच नाही. तोही ताडावर चढायचा. त्यानंतर एकदाही चढला नाही. बापाचे ताड भावाकडे गेले आणि यानं एका हाताच्या जोरावर शेती करून पोरं वाढवली. सामंतांनी विचारून त्याच्या खांद्याला हात लावला, चाचपून बघितलं आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. फार उशीर झाला होता. आमचा दवाखाना उभा राहिल्यावर तरी हा माणूस आला असता, तर निदान त्याचं दुखणं कमी करता आलं असतं, हे मला आजही लागून राहिलंय. एवढी वर्षं त्या हायवेवरून तो येत-जात होता.

पण तेव्हा मला वाईट वाटण्याआधी राग आला. मी म्हटलं, एवढं भोगूनसुद्धा तुम्ही या पोराला शेपटीला लावता? रावजी म्हणाला, 'मी नाय सोडला. मग यानं का सोडायचा?'

आता मंजू बोलली. मोठ्यानं नाही, पण अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढं. 'बाबा, तुमचा हात गेला तेव्हा तुम्ही खाली होते. हा वर असताना गेला तं?'

तारपा सुरू झाला. वाजवणारा रावजीचा पुतण्या. रांग धरली गेली, आणि विलास जाऊन शेपटीला उभा राहिला. शर्टाच्या आत मी बांधलेली पट्टी होती, कारण शेवटी मी ती बांधून दिली होती. सुरुवात हळूच असते. एक फेर झाला, दुसरा झाला. मी मंजूकडे बघत होते, ती फक्त नवऱ्याच्या खांद्याकडे बघत होती. तारपा जरा चढला, रांगेनं वेग घेतला, विलासची पावलं लांब पडायला लागली.

रावजी खाटेवरून उठला. रांग त्याच्यासमोरून जात असताना तो चालत तिच्यात शिरला आणि शेपटीच्या मागे गेला. विलासचा मोकळा उजवा हात त्यानं आपल्या डाव्या हातात धरला. आता शेपूट तो होता.

'माझा गेलेलाच हाय,' तो म्हणाला. 'त्याला आणखी काय व्हायचंय? याचा हात मला ताडावर पाहिजे.'

आणि मग जे झालं ते सामंतांच्या सुतळीत आणि चिकूत कुठेच नव्हतं. पुतण्यानं शेपटीला काकाला बघितलं आणि तारपा उतरला. काकाला कोण झोकून देणार? पुढच्यानं वळण घेतलं ते सावकाश, मागे वळून वळून बघत. रांग कशी आरामात, डुलत फिरायला लागली. तरुण पोरांनी थोडी कुरकुर केली, पण एवढ्या सावकाश फेरात आता बाया शिरल्या, पोरं शिरली, ज्यांनी कित्येक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं अशा दोन म्हाताऱ्या शिरल्या. रावजीचा हात जेमतेम कमरेएवढा वर होता आणि त्याच्याकडे बघून सगळ्या रांगेनं आपले हात खाली घेतले होते. मंजू रडत होती आणि हसत होती. मीही. सामंत मोबाईलवर सगळं टिपत होते आणि दर फेराला मला सांगत होते, बाई, शेपटीचा वेग बघा, बघा तरी. मी म्हटलं, दिसतंय हो, आता जरा गप्प बसा.

तारपा थांबल्यावर वाद निघालाच. ही विलासची तिसरी दिवाळी धरायची की नाही? तो शेवटचा नव्हता ना. रावजीनं निकाल दिला, की शेवटपर्यंत त्यानं माझा हात सोडला नाही, मग झालं. त्यावर कोण बोलणार?

दुसऱ्या वर्षी दुसऱ्या एका जावयासाठीही रावजीच शेपटीला उभा राहिला. मग शेजारच्या पाड्यावरचे म्हणाले, आमच्याकडे काय वडीलधारी माणसं नाहीत? एका पाड्यावर अजून जुनीच पद्धत आहे आणि तिथला एखादा खांदा येतो, पण आता ते खरं कारण सांगतात. बैलांची सुटका झाली. विलास रोज ताडावर चढतो, त्याला मुलगी झालीय. सामंतांचं मात्र नुकसान झालं. पुढच्या संशोधनासाठी त्यांना डावे खांदे हवे होते, तर ते येईचनात. माझा विषयच बरा झाला, असं म्हणत ते फिरत होते. सध्या शिंगाळा माशाचा काटा कोळणींच्या कोणत्या बोटात जास्त जातो यावर त्यांचं काम चालू आहे आणि डहाणूच्या मासळी बाजारात त्यांना पाहिलं की बाया हात पदराखाली लपवतात.

मी निवृत्त होऊन घरी बसले आहे. तर गेल्या आठवड्यात मंजूचा फोन आला. रावजीचे गुडघे धरलेत, यंदा त्याला जमणार नाही. त्यानं निरोप ठेवलाय की या वर्षी शेपटीला पलास्तरबायला उभं करा, तिच्याएवढं वडीलधारं कोण हाय? मला आधी राग आला. एवढी म्हातारी दिसते का मी? मग आरशासमोर जाऊन आले आणि हो म्हणून सांगितलं. हे म्हणाले, जाताना माझा जुना शर्ट घालून जा, लोक एकदा भेटून गेलेच आहेत. सामंतांनी फोन करून पंधरा मिनिटं बजावलं की बाई, जरा जरी ताण आला तरी ताबडतोब हात सोडायचा. मी हो हो म्हटलं.

माझा डावा हात यंदाच्या नव्या जावयाच्या उजव्या हातात असणार आहे. ज्या जागेवर रावजीनं सोडला नाही, त्या जागेवर मी सोडू? शक्यच नाही. आणि खांदा निघालाच, तर दवाखान्यात सांगायला बैल आहेच.